शिशावरची राखाडी साय: जुन्या रंगीत काचांच्या खिडक्यांचं धातूकाम कसं साफ आणि दुरुस्त करावं

जुन्या रंगीत काचेच्या खिडकीकडे पाहताना लक्ष रंगांकडे जातं. खिडकी उभी असते ती मात्र धातूवर. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या, इंग्रज काचकार विल्यम वेल्सच्या खिडक्या असोत, मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहातली बारा राशींची गोल खिडकी असो, किंवा एखाद्या जुन्या बंगल्याच्या जिन्यावरचं छोटं तावदान असो, रचना सारखीच असते. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले, पट्ट्यांचे जोड डाखलेले (म्हणजे सोल्डर वितळवून जोडलेले), आणि ते अख्खं तावदान तांब्याच्या तारांनी आडव्या लोखंडी गजांना बांधलेलं. काच शतकानुशतकं टिकते. आधी थकतात ते जोड, तारा आणि गज.

हे मार्गदर्शन एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या, शिसपट्टीत बांधलेल्या खिडक्यांसाठी आहे. कोकणातल्या आणि देशावरच्या कित्येक वाड्यांत रंगीत काचा थेट सागवानी चौकटीच्या खाचेत बसवलेल्या असतात आणि तिथे शिसं नसतंच. गोव्याच्या जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्याही लाकडातच बसवलेल्या असतात. त्यांची दुरुस्ती सुताराकडची, तिची इथे चर्चा नाही.

इमारत वारसा यादीत असेल तर खिडकीला हात लावण्याआधी परवानगी घ्या. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियमावली आहे आणि खिडक्या हा इमारतीचाच भाग धरला जातो.

आधी ओळख पटवा

शिसपट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षर आडवं पाडल्यासारखा दिसतो. काचेच्या दोन तुकड्यांमधला भाग तो कणा, आणि काचेच्या आतल्या-बाहेरच्या कडांवर येणारी पानं ती पाखं. काच आणि पाख यांच्यातली फट जवसाच्या तेलातल्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरलेली असते. ही लांबी खिडकीला ताठपणा देते आणि पावसाचं पाणी अडवते. तिच्याशिवाय तावदान सैल जाळीसारखं हलतं.

धातू ओळखणं सोपं आहे. न दिसणाऱ्या कोपऱ्यात नखानं दाबून पाहा. खूण उमटली तर शिसं. पट्टी तशीच राखाडी, पण कडक आणि सरळ असेल, विशेषतः बाहेरच्या चौकटीला, तर बहुधा जस्त. चुंबक चिकटला तर लोखंड. पट्टी अगदी बारीक, गोलसर आणि संपूर्ण डाखानंच बनल्यासारखी वाटली तर ते तांब्याच्या पत्र्याचं काम. अमेरिकेत टिफनीच्या दिव्यांमुळे गाजलेल्या या पद्धतीत काचेच्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला पातळ तांबं गुंडाळून वरून डाख चढवतात. आपल्याकडच्या जुन्या वास्तूंत ते क्वचित दिसतं, जुन्या दिव्यांच्या छत्र्यांत जास्त.

चकाकी आणू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून हे आधी आणि सविस्तर.

हवा लागली की शिशावर राखाडी थर धरतो. आधी ऑक्साइड, मग हळूहळू कार्बोनेट आणि शहराच्या हवेत सल्फेट. हा थर घट्ट, पातळ आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारा असतो. दुधावरच्या सायीसारखा तो खालचा धातू झाकून धरतो. घासून तो काढला की ताजं शिसं उघडं पडतं, पुन्हा हवा खातं आणि नवा थर बनवायला स्वतःच झिजतं. पाख मुळात एक-दीड मिलिमीटर जाडीचं. चार-पाच वेळा जोरात घासलेल्या खिडकीची पाखं कागदासारखी झालेली दिसतात.

आपल्या घरांत तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं, लिंबानं किंवा बाजारच्या पुडीनं लख्ख करायची सवय आहे. खिडकीवर यातलं काहीही चालत नाही. चिंच, लिंबू आणि व्हिनेगर ही आम्लं आहेत, ती शिशाला खातात आणि पाखाखाली शिरून तिथेच राहतात. भांड्याच्या पुडीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. पितळेच्या पॉलिशमध्ये बरेचदा अमोनिया असतो, तो काचेवरच्या रंगकामालाही घातक. लोखंडी किस वापरला तर त्याचे तुकडे फटीत अडकतात आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ठिपके उठतात.

कडी, बिजागरी किंवा मूठ पितळेची असेल आणि ती चमकवायचीच असेल तर स्क्रू काढून ती टेबलावर न्या, तिथे साफ करा, नीट धुऊन वाळवा आणि मगच परत लावा. चौकटीवर असताना पॉलिश लावू नका.

राखाडी रंग सोडून द्यायचा, पण पांढरी भुकटी दिसली तर थांबून बघायचं. ती तीन गोष्टींपैकी एक असते. काचेच्या कडेला पांढरट-पिवळट खडे असतील तर जुनी लांबी बाहेर येतेय. शिंतोड्यांसारखे ठिपके असतील तर कधीकाळी भिंतीला दिलेला चुना. पट्टीवरच मऊ, पिठासारखी भुकटी असेल, पुसल्यावर खाली बारीक खड्डे दिसत असतील आणि काही महिन्यांत ती परत येत असेल, तर शिसं खरोखर कुजतंय. याला कारण बहुतेक वेळा सेंद्रिय आम्लांची वाफ, म्हणजे ॲसिटिक किंवा फॉर्मिक आम्ल. नवीन प्लायवूड, एमडीएफ, काही लाकडं, ताजा ऑइलपेंट, आणि विशेषतः व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट यांतून ती वाफ निघते. भुकटी पुसून उपयोग नाही, आधी स्रोत काढा आणि हवा खेळती करा. सिलिकॉन लागतच असेल तर न्यूट्रल क्युअर प्रकारचं घ्या, त्याला तो आंबट वास येत नाही.

ओला सिमेंटही शिशाला बाधतो, कारण तो अल्कधर्मी असतो. चौकटीची कड सिमेंटनं लिंपलेली असेल तर पट्टी नेमकी त्या रेषेवर कुजलेली सापडते.

शिशाचं विष

शिसं कातडीतून फारसं शिरत नाही. ते शिरतं तोंडावाटे आणि धुळीवाटे. पांढरी भुकटी सगळ्यात वाईट, कारण ती हलकी असते. म्हणून नायट्रिल हातमोजे आणि एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा मास्क घाला. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी आहे. कोरडं घासणं किंवा सँडपेपर मारणं पूर्ण वर्ज्य, सगळं ओलं करूनच पुसायचं. व्हॅक्युम वापरायचा तर अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचाच, कारण साधा व्हॅक्युम ती धूळ मागच्या बाजूनं खोलीभर सोडतो. कामाच्या जागी चहा, तंबाखू, विडी काही नको. काम संपल्यावर हात-तोंड साबणानं धुवा आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवा. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया त्या खोलीत येऊ नयेत. हे काम नियमित करणाऱ्यांनी रक्तातलं शिसं तपासून घ्यावं, ही तपासणी पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत होते.

डाखताना शिशाची वाफ होईल ही भीती बहुतेकांना असते. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. त्रास देतो तो फ्लक्सचा, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून आधी लावायच्या पदार्थाचा, धूर. खिडकी उघडी ठेवा, पंखा मात्र थेट कामावर नको, त्याचं कारण पुढे येईल.

नोंद आणि तपासणी

खिडकीचे आतून आणि बाहेरून फोटो काढा. विजेरी काचेला समांतर धरून तिरप्या उजेडातही काढा, त्यात फुगवटा आणि सुटलेली पाखं उठून दिसतात. मग तावदानावर बटर पेपर चिकटवा आणि मेणाच्या काळ्या खडूनं हलकेच घासा. शिसपट्ट्यांचा नकाशा कागदावर उमटतो. प्रत्येक भेग, सुटलेला जोड, तुटलेली तार या नकाशावर रंगीत पेन्सिलीनं दाखवा. मात्र काचेवर रंगानं चित्र काढलेलं असेल तर त्या बाजूनं असं घासू नका.

रंगकामाची परीक्षा वेगळी. चेहरे, कपड्यांच्या घड्या, अक्षरं यांच्या काळ्या-तपकिरी रेषा काचेवर रंग भाजून काढलेल्या असतात आणि बहुधा आतल्या बाजूला असतात. तिरप्या उजेडात त्या रेषा उचललेल्या किंवा भुरभुरीत दिसल्या तर त्या तुकड्याला, त्याच्या कडेच्या पट्टीलाही, ओला बोळा लावू नका. ते काम काचेच्या संवर्धकाचं.

फुगवटा मोजायला तावदानाच्या दोन टोकांना ताठ दोरी धरा आणि मधलं अंतर पट्टीनं मोजा. तारीख घालून लिहून ठेवा. काही मिलिमीटरचा स्थिर फुगवटा तसाच सोडता येतो. वर्षागणिक वाढणारा किंवा काचा तडकवणारा फुगवटा असेल तर तावदान उतरवावं लागतं. हातानं दाबून फुगवटा सपाट करायला जाऊ नका. जुनी लांबी दगडासारखी झालेली असते, शिसं वाकतं पण काच वाकत नाही.

फुगवटा का येतो, हे कळलं की दुरुस्ती कुठे करायची तेही कळतं. शिसं उष्णतेनं काचेच्या तिप्पट फुगतं. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर एक मीटर शिसं सुमारे ०.८७ मिलिमीटर लांबतं आणि तेवढीच काच सुमारे ०.२७. पश्चिमेच्या उन्हात ही हालचाल रोज होते. शिसं लांबतं, पण आखडताना पूर्ण मूळ जागी येत नाही. चौकटीत जागा नसते, मग ते पोट काढतं. गजाच्या तारा तुटलेल्या असतील तर हे पोट वेगानं वाढतं.

साफसफाई

सामान साधं आहे: बकरीच्या केसांचा मऊ ब्रश, हेपा व्हॅक्युम, कापसाचे बोळे, बांबूच्या काड्या, सुती फडकी आणि क्षारमुक्त पाणी. हे पाणी बॅटरीत घालण्यासाठी पेट्रोल पंपावर मिळतं. बाटली नीट वाचून घ्या, त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही असतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी वाळल्यावर क्षाराचे डाग सोडतं.

आधी ब्रशनं धूळ सुटी करत व्हॅक्युमचं तोंड जवळ धरून ओढून घ्या. तोंडाला मलमलचा तुकडा बांधा, म्हणजे काचेचा सुटा तुकडा आत जाणार नाही. मग बोळा पाण्यात बुडवून पिळा, नुसता ओलसर राहू दे, आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेनं फिरवा. एका बोळ्यानं एक वीत पट्टी, मग नवा बोळा. चिकट काजळी असेल तर लिटरभर पाण्यात नॉन-आयॉनिक डिटर्जंटचे दोन-तीन थेंब पुरतात. डिटर्जंट लावल्यावर साध्या पाण्याच्या बोळ्यानं दोनदा पुसून लगेच सुकवा. फवारा मारू नका. पाणी पाखाखाली शिरतं, जुनी लांबी भिजते आणि लाकडी चौकटीत ओल राहते.

मेणबत्तीची काजळी आणि मेण व्हाइट स्पिरिटच्या बोळ्यानं निघतं. पट्टीवर उडालेला ऑइलपेंट ॲसिटोननं मऊ करून बांबूच्या काडीनं उचला. ॲसिटोन काचेच्या रंगकामापासून लांब ठेवा आणि जवळ ज्योत नको. कबुतरांची विष्ठा आधी ओली करून, मास्क लावून काढा. ती आम्लधर्मी असते आणि पट्टीवर जिथे साचते तिथे खड्डे पाडते, म्हणून ती लवकर काढावी आणि बसायची जागाच जाळीनं बंद करावी.

लोखंडी गज

आपल्या किनारपट्टीवर खिडकीचा खरा शत्रू हाच. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो. गजाचं टोक दगडात पुरलेलं असतं. ते फुगलं की दगडाला तडा जातो आणि गज वाकून तावदानावर रेटतो. खाऱ्या हवेत क्लोराइड गंजाच्या थरात मुरतं आणि वरून रंग दिला तरी आत गंजणं चालूच राहतं. म्हणून रंग देण्याआधी गज क्षारमुक्त पाण्याच्या बोळ्यानं वारंवार पुसा आणि पूर्ण वाळवा.

गज जागेवर घट्ट असेल तर काढू नका. गज आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवा. सुटा गंज छोट्या खरवडणीनं आणि पितळी तारेच्या ब्रशनं काढा. हातोडी मारून पापुद्रे उडवायचा मोह आवरा, तो हादरा थेट तावदानात जातो. लोखंड घट्ट आणि काळपट दिसू लागलं की पुरे, पांढरं शुभ्र करायची गरज नाही. साफ केल्यावर त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन पातळ हात द्या आणि वर बाहेरच्या वापराच्या इनॅमलचे दोन. प्रत्येक हात डब्यावर दिलेल्या वेळेप्रमाणे वाळू द्या. गजाची काचेकडची मागची बाजू हमखास राहून जाते. छोटा आरसा धरून ती बघा.

टोकं खंगली असतील तर पूर्ण गज बदलायची घाई नको. मधला गज बहुतेक वेळा चांगला असतो. खराब टोकं कापून त्या जागी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची किंवा ब्राँझची टोकं जोडतात आणि ती दगडात चुन्याच्या गाऱ्यात बसवतात. हे काम तावदान उतरवूनच करावं.

गजाला बांधायच्या तारा तांब्याच्या. सुमारे दीड मिलिमीटर जाडीची तार घ्या, १०० मिलिमीटरचे तुकडे करा. तार लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, म्हणजे ती मऊ होते. तांबं लोखंडासारखं पाण्यानं कडक होत नाही. तारेचा मध्य पट्टीच्या जोडावर डाखा, नुसत्या पट्टीवर नव्हे, नाहीतर वाऱ्याच्या ओढीनं पाखाचा तुकडा उपटून येतो. तारेची दोन्ही टोकं गजाभोवती आणून दोन-तीन पीळ द्या आणि उरलेलं कापून गजावर दुमडा. पीळ घट्ट हवा, पण इतका नको की तावदान गजाकडे ओढलं जाईल. जुनी तार उलगडताना एकदा सरळ झाली की तिला परत पिळू नका, ती तुटतेच.

जोड आणि भेगा

पट्टीची भेग बहुतेक वेळा जोडाच्या अगदी कडेला पडते. जोड डाखामुळे कडक असतो आणि शेजारची पट्टी मऊ. रोजची हालचाल या सीमेवर येऊन थांबते आणि धातू थकतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे भेगेवर डाखाचा मोठा गोळा थापणं. कडक भाग मोठा होतो आणि पुढची भेग त्या गोळ्याच्या नव्या कडेला पडते. काही खिडक्यांवर अशा गोळ्यांची माळच दिसते.

डाख ६०/४० घ्या, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. तो १८३ अंशांना वितळू लागतो आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळतो. ५०/५० चा डाख २१५ अंशांपर्यंत लापशीसारखा राहतो, उभ्या खिडकीवर तो आवरत नाही. शिसं स्वतः ३२७ अंशांना वितळतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५० ते ३७० अंशांवर ठेवावं लागतं, म्हणजे ते शिसं वितळवण्याइतकं तापलेलं असतं. एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं की पट्टीला भोक पडतं. तापमान नियंत्रित करता येणारं ८० ते १०० वॅटचं आयर्न घ्या. नियंत्रण नसेल तर टोक वर्तमानपत्रावर टेकवून पाहा. कागद हलका तपकिरी झाला तर ठीक, काळा पडला तर थंड होऊ द्या.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या डाखाच्या तारेत राळ भरलेली असते, तिचा चिकट थर मागे राहतो. भरीव तार किंवा पट्टी मागून घ्या. फ्लक्स म्हणून स्टिअरिनची कांडी किंवा ओलेइक आम्ल वापरा. कल्हईवाले वापरतात तो नवसागर आणि नळकामातलं झिंक क्लोराइड खिडकीपासून दूर ठेवा, त्यातलं क्लोराइड मागे राहून शिसं खातं. आयर्नचं टोक नवसागरावर घासून साफ करायचं असेल तर ते वेगळ्या टेबलावर करा.

आता कृती. सुटलेल्या जोडाभोवती फक्त पाच मिलिमीटर जागा स्काल्पेलनं खरवडून चकचकीत धातू उघडा करा. साय काढायची ती एवढ्याच जागेपुरती, आणि ती न काढता डाख धरत नाही. कीस ओल्या फडक्यात टिपून घ्या. शेजारच्या काचेवर पुठ्ठा धरा. फ्लक्स लावा. डाखाचं टोक जोडावर ठेवा आणि त्यावर आयर्न टेकवून लगेच उचला. डाख पसरून पट्टीशी समतल झाला की जोड नीट बसला. मण्यासारखा वर राहिला तर जागा स्वच्छ नव्हती किंवा आयर्न थंड होतं. दुसऱ्यांदा टेकवण्याआधी जोड हाताला थंड लागेपर्यंत थांबा.

पंखा नको म्हटलं ते इथे. गरम झालेल्या काचेच्या कडेवर गार झोत आला की ती तडकते. पावसाळी थंड सकाळीही हेच होतं. आधी काच खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

पट्टीलाच भेग असेल तर ठिगळ लावा. नव्या शिसपट्टीचं एक पाख कात्रीनं कापून घ्या, भेगेच्या दोन्ही बाजूंना पंधरा-वीस मिलिमीटर पुढे जाईल एवढं. जुन्या पाखाएवढीच रुंदी ठेवा. भेगेवर ते बसवून हाडाच्या किंवा बांबूच्या चपट्या काडीनं दाबा आणि फक्त दोन टोकांना डाखा. मधला भाग मोकळा राहिल्यानं हालचालीला वाव राहतो. वाकलेलं पाख उघडायचं किंवा बसवायचं असेल तर तीच काडी हलकेच सरकवत न्या. स्क्रूड्रायव्हर घातला की काचेची कड उडते.

शेवटी फ्लक्सचा तेलकटपणा व्हाइट स्पिरिटनं पुसा. नवा जोड काही महिने उठून दिसेल. त्याला काळं करायला कुठलंही रसायन लागत नाही, हवा ते काम करते.

लांबी भरणं

पावसात आत पाणी येतं ते बहुतेक वेळा इथून. लांबीला एक वाटी डबल बॉइल्ड जवस तेल, एक वाटी टर्पेंटाइन, सहा ते सात वाट्या व्हायटिंग म्हणजे रंगाच्या दुकानातली चॉक पावडर, आणि रंगासाठी दोन-तीन चमचे काजळी घ्या. भिंतीचा चुना नको, तो अल्कधर्मी असतो. तेल-टर्पेंटाइन एकत्र करून पावडर थोडी थोडी मिसळा. टेबलावर आडवं ठेवलेल्या तावदानाला घट्ट श्रीखंडासारखी, जागेवरच्या उभ्या खिडकीला त्याहून घट्ट, पुरीच्या कणकेसारखी. तेल जास्त झालं तर लांबी महिनोन्‌महिने वाळत नाही आणि उन्हात ओघळते. टर्पेंटाइन जास्त झालं तर वाळून भुगा होते.

आडव्या तावदानावर नैसर्गिक केसांच्या आखूड ब्रशनं लांबी पाखाखाली ढकला, सगळ्या दिशांनी. रंगकाम असलेल्या बाजूनं ब्रश वापरू नका. मग वरून कोरडी चॉक पावडर भुरभुरा, ती जास्तीचं तेल शोषते. मऊ ब्रशनं झाडून घ्या, एक दिवस सपाट राहू द्या, दुसऱ्या दिवशी बांबूच्या अणकुचीदार काडीनं पाखांच्या कडा साफ करा. तावदान परत बसवण्याआधी दोन-तीन आठवडे तरी द्या. उभ्या खिडकीवर अंगठ्यानं छोटे तुकडे दाबत जा आणि काडीनं कड कापा.

हे काम पावसाळ्यात काढू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेतात. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळ्यात ती कोंडते. काम संपताच फडकी पाण्यात बुडवा आणि पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात बंद करा.

उतरवलेलं तावदान आणि कचरा

तावदान नेहमी उभं उचला, दारासारखं. आडवं धरून दोन टोकांनी उचललं की मध्ये मोडतं. ठेवतानाही उभंच, खाली पॉलिएथिलीन फोम. नव्या लाकडी खोक्यात किंवा प्लायवूडच्या पेटीत साठवू नका, वर सांगितलेली आम्लाची वाफ बंद पेटीत साचते. पॉलिप्रॉपिलीनचे नालीदार पत्रे चालतात. संरक्षण म्हणून बाहेरून ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट लावायचं असेल तर वर आणि खाली हवेला मोकळी फट ठेवा. सगळ्या बाजूंनी बंद केलेल्या पोकळीत पावसाळ्यात दव धरतं आणि उन्हाळ्यात शिसं जास्तच तापतं.

पट्टी पूर्ण बदलावी लागली तर जुन्या पट्टीचा हातभर तुकडा कापून, कोणत्या तावदानातली ते लिहून, पिशवीत ठेवा. काही जुन्या यंत्रांवर ओढलेल्या पट्ट्यांच्या कण्यावर बनवणाऱ्याचं नाव किंवा साल उमटलेलं असतं आणि ते पट्टी उघडल्यावरच दिसतं. बाकीचं शिसं जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या. कीस, भुकटी, बोळे आणि हातमोजे दुहेरी पिशवीत बांधून त्यावर शिशाचा कचरा असं लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवा. साफसफाईत वापरलेलं पाणी बागेत किंवा विहिरीजवळ ओतू नका.